शेजार, रेशन कार्ड आणि मिस मार्पल



रहस्यकथेवर बोलणार म्हटल्यावर खून, सुगावे, गुप्तहेर अशी बरीच अपेक्षा असणार. मी मात्र आज एकाच कादंबरीपाशी थांबणार आहे. अगाथा ख्रिस्ती यांची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’. जून १९५० मध्ये ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली आणि प्रकाशकांनी ती बाईंचं पन्नासावं पुस्तक म्हणून वाजतगाजत बाजारात आणली. लहानसं गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, रक्तामांसाची वर्णनं जवळजवळ नाहीत आणि तपास लावणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नाही, अशा कादंबरीला तिकडे ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. या प्रकारातली माझ्या मते ही सर्वांत चांगली कादंबरी. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही.

अशा कादंबरीला आपण फावल्या वेळचं वाचन समजतो. मला ती त्याहून फार मोठी वाटते. शेजारच्या घरातला माणूस जो म्हणून आपल्याशी बोलतो तोच आहे, हे आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो, असा प्रश्न ती विचारते. आणि हा प्रश्न तिने विचारला तेव्हा सगळ्या इंग्लंडपुढेच तो उभा होता.

गावाचं नाव चिपिंग क्लेगहॉर्न. शुक्रवारी सकाळी पेपरवाला मुलगा सायकलवरून स्थानिक गॅझेट टाकून जातो आणि त्यातल्या किरकोळ जाहिरातींत एक विलक्षण निवेदन असतं. ‘लिट्ल पॅडॉक्स’ या घरी आज, २९ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला एक खून होईल, मित्रमंडळींनी हेच निमंत्रण समजावं. ख्रिस्ती आपल्याला घरोघर फिरवतात. प्रत्येक न्याहारीच्या टेबलावर तेच निवेदन वाचलं जातं आणि त्या एका वाचनातून घरातलं कोण कोणावर चिडलंय, कोण कोणाला सांभाळून घेतंय, पैशाची तंगी कुठे आहे, हे सगळं उलगडत जातं. एवढ्या थोड्या पानांत एक अख्खं गाव उभं करणं सोपं नाही. ही पानं मी लिहिण्याचा वस्तुपाठ मानतो.

संध्याकाळी सगळे जमतात. जाहिरात वाचून आलो असं पटकन कोणी कबूल करत नाही, सहज डोकावलो म्हणतात. साडेसहाला दिवे जातात, दार उघडतं, टॉर्चचा झोत डोळ्यांवर येतो, गोळ्या सुटतात. उजेड होतो तेव्हा घरमालकीण लेटिशिया ब्लॅकलॉक यांच्या कानातून रक्त येत असतं आणि टॉर्चवाला तरुण स्वतःच मरून पडलेला असतो. तो जवळच्या एका हॉटेलात नोकरीला होता. त्याच हॉटेलात एक म्हातारी बाई संधिवाताच्या उपचारांसाठी येऊन राहिलेली असते. ती मिस जेन मार्पल, ख्रिस्तींची हौशी गुप्तहेर.

आता १९५० चं इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. युद्ध संपून पाच वर्षं झाली, तरी रेशन चालू आहे. ते जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं आणि जुलै १९५४ मध्ये पूर्ण उठलं. म्हणून या पुस्तकात लोणी, कोळसा, अंडी यांना मोल आहे. वाढदिवसासाठी चॉकलेटचा एक केक होतो, त्यासाठी साठवून ठेवलेलं सामान खर्ची पडतं आणि त्या केकला घरातला तरुण ‘स्वादिष्ट मरण’ असं नाव ठेवतो. गुरुवारी एका शेतावर लोणी निघतं, ते ओळखीच्या घरांत गुपचूप पोचतं, बदल्यात कोणी काकड्या देतं, कोणी डुक्कर कापलं की त्यातला वाटा. सगळं बेकायदा. पण सगळ्या गावाला ठाऊक.

इथे ख्रिस्तींची करामत बघा. ही देवाणघेवाण चालायची तर दारं उघडी हवीत. घरात कोणी नसलं तरी शेजारणीने आत जाऊन वस्तू ठेवावी, ही तिथली रीतच आहे. त्यामुळे त्या घरात आधी कोण शिरलं होतं, या, पोलीस तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर क्रॅडॉकच्या प्रश्नाचं उत्तर, कोणीही, असं येतं. ज्या विश्वासावर गाव जगतंय, त्याच विश्वासाच्या दारातून खुनी आत आलाय. तपासातली ही अडचण लेखिकेने वरून लादलेली नाही, त्या वर्षीच्या टंचाईतून ती आपसूक निघाली आहे. कथानकाची बांधणी म्हणतात ती ही.

पुढे मिस मार्पल क्रॅडॉकला जे सांगतात ते मला पुस्तकाचं हृदय वाटतं. पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे ते माहीत असे, असं त्या म्हणतात. नवं कुटुंब आलं तर कोणाची तरी ओळख, कोणाचं तरी पत्र घेऊन येई. आता मोठी घरं विकली गेली. हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून, चीनमधून परतलेली माणसं येऊन राहतात आणि ती स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच गावाला कळतं. १९४७ नंतर तीनच वर्षांत लिहिलेलं हे पुस्तक आहे, हे आपण विसरू नये. याच गावात कर्नल ईस्टरब्रुक नावाचे गृहस्थ आहेत, हिंदुस्थानात नोकरी करून आलेले, तिथले अनुभव सतत ऐकवणारे. ते खरं सांगतात की नाही, कोण पडताळणार?

उरतात कागद. ओळखपत्र आणि रेशन बुक. आपल्याकडेही रेशन कार्ड दाखवलं की माणसाचा पत्ता आणि नाव पक्कं मानण्याची सवय कित्येक वर्षं होती, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लगेच कळते. इंग्लंडात युद्धकाळात, १९३९ मध्ये, प्रत्येकाला ओळखपत्र आलं. ज्या वर्षी ही कादंबरी निघाली त्याच वर्षी डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या नागरिकाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला ते दाखवायला नकार दिला. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. विलकॉक हरले, पण न्यायाधीशांनी युद्धानंतरही कार्डं मागण्याच्या या पद्धतीवर टीका केली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रं रद्द झाली. न्यायालयाने स्वातंत्र्याच्या बाजूने प्रश्न पाहिला. मिस मार्पल पाहतात ते वेगळ्या बाजूने: कागद माणसाची ओळख पटवू शकतो का?

त्यांच्याकडे पर्याय आहे तो निरीक्षणाचा. आपल्याकडे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. त्या नायकांचं बळ धाडसात होतं. मिस मार्पलचं बळ असं की लोकर विणत बसलेल्या म्हातारीसमोर कोणी जपून बोलत नाही. हे पात्र आलं कुठून? ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या १९२६ च्या कादंबरीत डॉक्टरची बहीण आहे, कॅरोलाइन. घरबसल्या गावाची बित्तंबातमी ठेवणारी. त्या कादंबरीचं नाटक झालं तेव्हा या प्रौढ बाईच्या जागी एक तरुण सुंदर मुलगी घातली गेली. ख्रिस्तींना ते फार लागलं. कदाचित तिथेच मिस मार्पलचा जन्म झाला, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. तारखा नीट जुळत नाहीत. मार्पलची पहिली कथा डिसेंबर १९२७ ची आणि नाटक रंगभूमीवर आलं १९२८ मध्ये. पण त्यामागचा राग खरा आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. वय झालेल्या, एकट्या बाईला काढून टाकता येतं असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासमोर ख्रिस्तींनी तीच बाई पुढे बारा कादंबऱ्यांच्या मध्यभागी बसवली.

पुस्तकात मला न पटलेलं एक आहे. मित्सी ही युरोपातून निर्वासित होऊन आलेली स्वयंपाकीण. घरच्यांना डोळ्यांदेखत मारलं, असं ती सांगते आणि बाकीचे तिला नाटकी ठरवतात. युद्ध संपून पाच वर्षं होत असताना त्या भीतीवर हसणं मला सहन होत नाही. शेवटी तिला एक धैर्याचं काम मिळतं, पण तोवर फार हसून झालेलं असतं.

याउलट डोरा बनर. लेटिशिया यांची शाळेतली मैत्रीण, गरिबीत पार खचलेली, आता त्यांच्या आसऱ्याने राहणारी, बोलताना सतत गोंधळणारी. पोलीस तिची साक्ष घेतात आणि फारसं हाती लागलं नाही असं समजून पुढे जातात. मिस मार्पल तिला ब्लूबर्ड कॅफेत भेटतात आणि निवांत बोलू देतात. नोंदवहीत लिहिण्याजोगं त्या गप्पांत काही दिसत नाही. घरातल्या वस्तू, जुनी आठवण, कोणावर तरी संशय, पुन्हा वस्तू. पुस्तक हाती घ्याल तेव्हा ते प्रकरण सावकाश वाचा आणि कादंबरी संपल्यावर परत त्याच पानांवर या. खुन्यापर्यंत जाण्यासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं डोराने त्या टेबलाशी सांगून टाकलेलं आहे.