रापण आणि विमान
(मांडवी, रत्नागिरी येथील भाषण)

रापण ओढताना दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. संगणकावर विमान चालविण्याचा हुबेहूब अनुभव देणारी आज्ञावली सर्वांनी मिळून घडवावी, असा प्रस्ताव १९९६ साली डेव्हिड मर यांनी मांडला. त्यातून ‘फ्लाइटगिअर’ उभे राहिले. देशोदेशींचे स्वयंसेवक त्यात भर घालतात. कोणी विमान रचतो, कोणी धावपट्टी, कोणी डोंगर. परवान्याची अट एवढीच की, ती कोणीही घ्यावी, बदलावी, विकावीसुद्धा. मात्र पुढच्याला तेच स्वातंत्र्य द्यावे.

मासळीचे वाटे घातले की टोपली रिती होते. येथे कितीही प्रती काढा, मूळ घटत नाही. तरीही काही व्यापाऱ्यांनी नाव बदलून तीच आज्ञावली विकली. विकण्याला परवान्याची आडकाठी नाही. पण ती फुकट मिळते हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

मला खुपते ते निराळेच. हे श्रम फुरसतीचे आहेत, आणि फुरसतीची वाटणी आपल्याकडे जमिनीइतकीच विषम आहे. ट्रॉलरवर राबून आलेल्या खलाशाने आज्ञावली लिहावी कधी? वाचनालयात चार संगणक आणि संध्याकाळी शिकविणारा एक माणूस, एवढी मागणी तरी आपण नगरपरिषदेकडे नेऊ या.