चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणत आलो. आता माणसाचे बिऱ्हाड चाकांवर आले आहे. मोटारीतच बिछाना, मोटारीतच शेगडी, पाण्याची टाकी, झालेच तर न्हाणीघरसुद्धा! परदेशात ही तऱ्हा जुनी. आपल्या राज्य सरकारनेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी गाडी घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जावे, वाटेल तिथे थांबावे, चांदण्यात स्वयंपाक करावा, असे तुमच्या मनात असेल, तर निघण्यापूर्वी थोडे ऐकून घ्या.

तसे पाहिले तर हा प्रकार आमच्या झाडीपट्टीला नवा नाही. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा म्हणून क्षेत्र आहे. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. बैलबंड्यांच्या काळात गावोगावची मंडळी बंडीला तट्टे बांधून, वर घोंगडी ताणून, खाली तणस अंथरून निघायची. तणस ही मोठी गमतीची वस्तू बरे का! रात्री माणसांची गादी, सकाळी बैलांची न्याहारी. नदीच्या वाळूत बंड्या सोडायच्या, झिरा खणून पाणी काढायचे, तीन दगडांची चूल मांडायची. निघताना मागे उरायची ती राख आणि शेण. पहिल्या पुरात तेही जायचे.

दुसरा मुक्काम असे साहेबाचा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. इंग्रजी अमदानीत अधिकारी हिवाळाभर दौऱ्यावर असत. डेऱ्यांचे दोन संच असायचे. एकात साहेब झोपे, दुसरा रात्रीच बैलगाड्यांवर लादून पुढच्या गावी जाई. साहेब घोड्यावरून पोचेपर्यंत आमराईत तंबू उभा आणि चहा तयार! फार रम्य वाटते वाचायला. पण लाकूड, गवत, दूध, कोंबड्या कुठून येत? गावातून. ओझी वाहायला माणसे कुठली? गावचीच, आणि तीही पुष्कळदा बेगारीने. डेरा पडला की गावाच्या पोटात गोळा येई. तुमची नवी गाडी मार्कंड्याच्या बंडीच्या वळणावर जाणार की साहेबाच्या डेऱ्याच्या, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

आता 'वाटेल तिथे' या शब्दांविषयी. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 साली ताडोबा-अंधारी हा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे परवान्याने, वाटाड्याबरोबर, ठरल्या वेळी आत जायचे आणि ठरल्या वेळी बाहेर यायचे. पावसाळ्यात गाभ्याचे जंगल बंदच असते. फाटकाबाहेर आलो म्हणजे मोकळे, असेही नाही. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे आणि आग पेटवणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. सागाचा वाळला पाला पायाखाली वाजत असतो, त्या दिवसांत एक ठिणगी किती रान खाईल, याचा हिशेब कोणी करावा?

म्हणजे उरते ती गावाची जागा, आणि गावाला विचारले पाहिजे. पूर्वी पाटलाला विचारीत. आता ग्रामसभेला विचारावे. हा नुसता शिष्टाचार नव्हे. वनहक्क कायदा 2006 साली झाला, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे चंद्रपूरकडचे पाचगावही त्या वाटेने गेले. तुम्हाला जे ओसाड रान दिसते, ते कोणाचे तरी बांबूचे, मोहाचे, डिंकाचे कोठार असते. एखाद्याचे खळे रिकामे असेल तर तो आनंदाने जागा देईल. त्याचे पैसे द्यावेत. भाजी, तांदूळ, अंडी त्याच गावात घ्यावीत, आणि भावावरून घासाघीस करू नये.

मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखाली गाडी लावू नका. ती सावली मोफत नाही. पहाटे बायकापोरे टोपल्या घेऊन फुले वेचायला येतात, आणि त्यांच्या आधी कधीकधी अस्वल येऊन गेलेले असते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. आपल्याला वाघ दिसला तर पैसे वसूल. त्यांना दिसला तर घर उजाड. गावकरी म्हणाला, "साहेब, रात्री बाहेर झोपू नका," तर त्याच्याशी वाद घालू नये.

पाण्याचे असेच. झाडीत गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पाळीवर गाडी उभी करण्याचा मोह कोणालाही होईल. कमळे काय, बदके काय! पण त्याच पाण्यावर धान पिकते, मासे धरले जातात, गुरे पितात, आणि रात्री जंगलातली पाहुणेमंडळीही उतरतात. गाडी पाळीपासून लांब ठेवा. न्हाणीघराची टाकी तलावात किंवा नाल्यात कदापि रिकामी करू नका. गाडी भाड्याने घेतानाच ती कुठे उपसतात ते विचारून ठेवा.

निघावे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या गाडीत माणूस लाह्यांसारखा फुटतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटत आली आहे. हिवाळ्यात मात्र चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असे करीत आलापल्लीला जावे. तिथे 'वनवैभव' नावाने राखलेले जुन्या सागांचे रान आहे. 2014 साली ते जैवविविधता वारसा स्थळ ठरले. मान मागे टाकून शेंडे पाहावे लागतात. पुढे कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. त्याच्याही दक्षिणेला वडधमला डायनासोरची हाडे आणि दगड झालेली झाडे सापडली आहेत.

सिरोंच्याला पोचलात की प्राणहिता लागते, आणि जवळच ती गोदावरीला मिळते. संध्याकाळी ती रुंद वाळू पाहून चाके आपोआप उतारावर वळतील. वळू देऊ नका. बंडीचे बैल सोडता येत होते. ही चार-पाच टनांची गाडी रुतली, की ओढायला ट्रॅक्टर गावातूनच आणावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला त्या वेळी झोपेतून उठवावे लागते.