लघवीची तक्रार आणि डोक्याचा फोटो

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला, मी 'लघवी' म्हटलं, तर ते गडबडलेच. पत्रिकेत 'ज्येष्ठांचे आरोग्य' छापून आलं. चालायचंच.

वाशिमात माझी प्रॅक्टिस तीस वर्षांची. तरी घरातलंच दुखणं मला उशिरा दिसलं, म्हणून सांगतो. वडिलांची आधी चाल बदलली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं छोटी, वळताना तोल जायचा. बालाजीच्या दर्शनाला जाणं सुटलं. मग अंथरूण ओलं होऊ लागलं. ते ओलं धोतर गादीखाली लपवायचे, पाणी पिणं कमी केलं. विचारलं की, "मले काई नाई झालं, म्हातारपन हाय." मी प्रोस्टेट समजून गोळ्या सुरू केल्या. एकदा आईसमोर त्यांच्यावर ओरडलोसुद्धा.

नावं विसरू लागले तेव्हा कुठे अकोल्याला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन केला. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्या फुगल्या होत्या. कोलंबियातले डॉ. सालोमोन हाकीम आणि अमेरिकेतले डॉ. अ‍ॅडम्स यांनी १९६५ साली वर्णन केलेला हा आजार. चाल बिघडणं, विसर पडणं, लघवी न धरवणं. कॉलेजात हे तिन्ही पाठ करून मी मार्क मिळवले होते!

लघवीचा डोक्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मूत्राशय भरत आलं की मणक्यातून वर निरोप जातो. मेंदूच्या देठात लघवी सोडण्याचं बटण आहे. पण "आत्ता नाही, थांब" असं सांगणारा भाग कपाळामागे आहे. पोकळ्या फुगल्या, पक्षाघात झाला, किंवा बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन एमआरआयवर पांढरे डाग दिसू लागले, की हा ब्रेक ढिला पडतो. पार्किन्सनमध्येही असंच होतं. मग घाई लागते, संडासपर्यंत पोचणं होत नाही.

म्हणून उद्या सगळ्यांनी एमआरआयला धावू नका. आधी लघवीची तपासणी, साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी. सोबत चाल किंवा स्मरण बदललं असेल तर मात्र डोक्याचा फोटो काढा. नुसत्या फोटोवरही निर्णय होत नाही, कारण वयानं मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात. वडिलांच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढलं, आधी आणि नंतर चालवून पाहिलं. फरक दिसला. मग नागपूरला ऑपरेशन करून डोक्यातून पोटात नळी बसवली.

चाल बरीच सुधारली. लघवी थोडी. विसर तसाच राहिला. वर्षभर आधी नेलं असतं तर कदाचित जास्त फायदा झाला असता. पण माझा हात धरून ते बालाजीला जाऊन आले.

एक राहिलं. लघवीच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, तेव्हा विसर पडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पाणी तोडू नका; दिवसा प्या, संध्याकाळनंतर कमी. दर दोन-तीन तासांनी लघवीला जाऊन या. संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा.

कार्यक्रमानंतर मी ऑफिसच्या खोलीत बसतो, दार लावून. ज्यांना चारचौघांत बोलायचं नाही त्यांनी तिकडे या. चहा आहे, पण अर्धाच कप घ्या.