गणवेशातला मच्छीमार
(होटगी येथील कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)

होटगीपासून समुद्र फार दूर आहे. तरीही राखीव दल म्हणजे काय, हे या जंक्शनवरील रेल्वे कामगाराला समजावून द्यावे लागत नाही. मे १९७४ च्या संपात गाड्या चालविण्यासाठी सरकारने प्रादेशिक सेनेला पाचारण केले. तिच्या रेल्वे तुकड्यांत रेल्वेचेच नोकर होते. श्रमिकाच्या कौशल्यावर गणवेश चढविण्याची ही रीत समुद्रावर त्याहून जुनी आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वीच ब्रिटनने नौदलात मच्छीमारांचा स्वतंत्र राखीव विभाग उभारला होता. पाणसुरुंग काढायचा म्हणजे दोन बोटींनी मध्ये पोलादी दोर ताणून समांतर चालायचे. सुरुंगाचा बांध तुटला की तो वर येतो आणि बंदुकीने फोडला जातो. जन्मभर जाळे ओढणाऱ्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. त्याची किंमत पाहायची तर लोस्टॉफ्टला जावे. दुसऱ्या महायुद्धातील गस्ती सेवेच्या तेथील स्मारकावर, समुद्राखेरीज ज्यांना थडगे नाही अशा २,३८५ जणांची नावे आहेत.

आपल्याकडेही युद्ध कोळ्यांच्या पाण्यात आले होते. १९१७ च्या फेब्रुवारीत ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरले. जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज त्यांतील एकावर आदळून बुडाले. पुढे नौदलाची राखीव दले येथेही निघाली, पण ती मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. रत्नागिरी किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान दर्यावर्दीला जागा मिळाली ती साध्या खलाशाची. समुद्राचे ज्ञान त्याचे, हुद्दा दुसऱ्याचा! १९३९ साली दोन हजारांच्याही आत असलेले हे नौदल युद्धाअखेर पंचवीस हजारांवर गेले.

युद्ध संपताच उरले ते निकृष्ट अन्न, वर्णभेद आणि बेकारीची धास्ती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील खलाशांनी संप पुकारला. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे पडली. त्या संपापायी बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही. ही गोष्ट साम्राज्यशाहीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका पळवून, तिच्यावरील माणसांना ठार मारून हल्लेखोर मुंबईत शिरले. तेव्हापासून मच्छीमार हा किनाऱ्याचा डोळा आणि कान आहे, असे सरकार सांगत आले आहे. पहाऱ्यावर गेलेल्या दिवशी जाळे कोरडे राहते. त्या दिवसाची मजुरी कोण देणार, आणि तो परतला नाही तर त्याच्या घरी कोणते निवृत्तिवेतन जाणार, हे भरतीच्या आधीच कागदावर लिहून मागितले पाहिजे.