नोकरी बरी की नोकरीचा क्लास?



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची मुलं-मुली आता पुण्याला, हिंजवडी-खराडीकडे आयटी कंपन्यांत नोकरी करतात. मध्यंतरी एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी नोकरी सोडायची म्हणते. मुलाखतीची तयारी करून घ्यायचा ऑनलाइन क्लास काढणार आहे. त्यात पगारापेक्षा जास्त सुटतात म्हणे. खरं आहे का?" आज आपण त्याचाच हिशोब मांडू.

आयटीतली मुलाखत म्हणजे नुसती प्रश्नोत्तरं नसतात. समोर एक कोडं देतात, त्याचा प्रोग्रॅम तिथंच लिहायचा आणि समजावून सांगायचा. अशा तीन-चार फेऱ्या होतात. म्हणून मुलं अनुभवी माणसाकडे सराव करतात आणि तासाची फी देतात.

यात नाव आणि पैसा कमावलेली माणसं आहेत. अमेरिकेतल्या गेल लाकमन मॅकडॉवेल आधी गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपलमध्ये काम करत होत्या. पुढे त्यांनी या तयारीचाच व्यवसाय केला. २००८ साली निघालेलं त्यांचं पुस्तक जगभर खपलं. पण पुस्तक एकदा लिहिलं की हजारोंना विकता येतं. एकेकाला शिकवणारीकडे विकायला फक्त स्वतःचे तास असतात.

आता आपला हिशोब. समजा, पगार महिना ५०,००० आणि क्लासची फी तासाला १,०००. म्हणजे ५० तास भरले की पगार निघाला. रोजचे दोन तास! सोपं वाटतं. पण ५० तासांची गिऱ्हाइकं दर महिन्याला आणायची कुठून? समजा ३० तासच भरले, आणि गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या ॲपने शंभरातले २० कापले, तर हातात २४,००० येतात. शिकणारे दिवसा नोकरीवर, त्यामुळे शिकवणी रात्री नाहीतर रविवारी. तयारीच्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

शिवाय नोकरीत पीएफमध्ये कंपनीही आपला वाटा भरते. भरपगारी सुट्टी असते. पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. क्लासवालीने बाळंतपणात शिकवणी थांबवली की कमाईही थांबली.

शिवणक्लासचंच बघा ना. आधी बाईच्या हातचे ब्लाऊज गावात दिसतात, मग मुली तिच्याकडे शिकायला येतात. इथंही तसंच. पोरीकडे मुलं येतील ती तिच्या नोकरीच्या अनुभवामुळे. नोकरी सुटून दोन-तीन वर्षं झाली की तो अनुभव जुना होतो आणि मुलाखतीतले प्रश्न बदललेले असतात. कंपन्यांनी भरती थांबवली, तर सरावाला येणारेही कमी होतात.

म्हणजे क्लास वाईट का? नाही. ज्यांचं नाव झालंय, ज्यांचे तास भरतात, त्या पगारापेक्षा जास्त कमावतात. पण तशा थोड्या.

म्हणून आम्ही त्या ताईंना सांगितलं, मुलीला लगेच राजीनामा देऊ देऊ नका. जोडीला दुसरं काम चालतं का, हे तिने नेमणुकीच्या पत्रात आधी बघावं. चालत असेल तर सहा महिने शनिवार-रविवार शिकवून बघावं. वहीत प्रत्येक तास लिहावा, तयारीचासुद्धा. चांगल्या एका महिन्यावर जाऊ नये, सहा महिन्यांची सरासरी काढावी आणि पगारात पीएफ धरून मग तुलना करावी.

आणि मैत्रिणींनो, अशा क्लासच्या फीसाठी गटातून कर्ज काढायचं असेल, तर आधी विचारा: शिकवणारे कुठं काम करत होते? नोकरी कधी सोडली? मध्येच क्लास सोडला तर पैसे परत मिळतील, हे लिहून देणार का? "नोकरीची हमी" असं कोणी म्हणालं, तर ती हमी कागदावर मागा. कागद देत नसतील, तर पैसे देऊ नका.

गटाची पै-पै आपण वहीत लिहितो. पोरांच्या कमाईचा हिशोबही तसाच वहीत मांडू. पुढच्या बैठकीत या विषयावर जरूर बोला.