मोबाइलमधील स्थानबिंदू जीपीएस यंत्रात कसे न्यावेत?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



विसावे उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातून जाते. सहावीचा विद्यार्थी नकाशावर ही रेषा बिनचूक दाखवितो. परंतु ती रेषा त्याच्या शाळेपासून किती दूर आहे आणि कोणत्या दिशेस आहे, असे विचारले तर तो गोंधळतो. अक्षांश आणि रेखांश हे शब्द त्याला पाठ असतात. त्या शब्दांनी दाखविलेल्या जागेवर तो कधी उभा राहिलेला नसतो. ही उणीव भरून काढण्यास एक खेळ उपयोगी पडतो. जगात तो ‘जिओकॅशिंग’ या नावाने प्रसिद्ध आहे. मराठीत त्यास ‘स्थानशोध’ म्हणावयास हरकत नाही.

खेळाची पूर्वपीठिका

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संदेश पूर्वी नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर सदोष केले जात. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरांपर्यंत चूक येत असे. मे २००० च्या आरंभी हे बंधन उठले. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील एका रानात काही वस्तूंनी भरलेली बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. थोड्याच दिवसांत लोकांनी केवळ त्या आकड्यांच्या आधारे ती शोधून काढली. खेळाचे स्वरूप आजही तेच आहे. कोणी एक डबी ठेवतो व तिचे स्थान आकड्यांत सांगतो. शोधणारा तेथे पोहोचून डबीतील कागदावर नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तशी ठेवून परततो.

मोबाइल हाती असता दुसरे यंत्र कशास?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलमध्येही उपग्रहाचे संदेश ग्रहण करण्याची सोय असते आणि त्यासाठी मोबाइलच्या टॉवरची गरज नसते. तथापि सुरगाणा, पेठ, त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या डोंगरकपारीत टॉवरचा संपर्क तुटला की अगोदर उतरवून न घेतलेला नकाशा कोरा दिसू लागतो. उन्हात पडदा नीट दिसत नाही व बॅटरीही झपाट्याने उतरते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सहलीत शिक्षकाचा मोबाइल हे संकटकाळचे साधन असते. एखाद्या मुलाचा पाय मुरगळला किंवा सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी तो चालू स्थितीत शिक्षकाच्या खिशात असला पाहिजे. मुलांच्या हाती तो दिवसभर फिरत राहिला तर ऐन वेळी निरुपयोगी ठरेल.

हाती धरावयाचे जीपीएस यंत्र याच कामासाठी बनविलेले असते. बऱ्याच यंत्रांत बाजारात मिळणारे पेन्सिल सेल चालतात; पावसाचे शिंतोडे ते सोसते आणि उन्हात त्याचा पडदा अधिक स्पष्ट दिसतो. प्रत्येक शाळेस ते घेणे शक्य नाही, हे उघड आहे. केंद्रातील शाळांनी मिळून एक यंत्र आळीपाळीने वापरले तरी काम भागते. यंत्र मिळालेच नाही, तर नकाशा आधी उतरवून ठेवलेला एखादा जुना, सिमकार्ड नसलेला मोबाइलही चालेल. मुद्दा एवढाच की, मुलांच्या हातचे साधन व शिक्षकाच्या खिशातील साधन ही दोन वेगळी असावीत.

आता बिंदूंची यादी मोबाइलवर तयार होणार आणि शोध मात्र दुसऱ्या यंत्राने घ्यावयाचा, म्हणजे यादी एकातून दुसऱ्यात नेणे आले. आजच्या विवेचनाचा गाभा हाच आहे.

आकडे हाताने का भरू नयेत?

एकच जागा तीन रीतींनी लिहिता येते. उदाहरणार्थ, २० अंश ७ मिनिटे ३० सेकंद. २० अंश ७.५ मिनिटे, आणि २०.१२५ अंश. या तिन्हींचा अर्थ एकच आहे, कारण साडेसात मिनिटांस ६० ने भागले असता ०.१२५ अंश येतात. परंतु घाईने कोणी ‘७.५ मिनिटे’ हे ‘२०.०७५ अंश’ असे भरले, तर ०.०५ अंशाची चूक होते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा ही चूक साडेपाच किलोमीटरांची झाली. सपाट निफाडात ती पायपिटीवर निभावेल. पेठच्या डोंगरात मुलांची तुकडी भलत्याच दरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहील.

फाइल जशीच्या तशी नेली तर ही भीती उरत नाही. स्थानबिंदूंसाठी जगभर रूढ असलेल्या फाइलीच्या नमुन्यास ‘जीपीएक्स’ म्हणतात. ही साध्या अक्षरांत लिहिलेली यादीच असते. तीत प्रत्येक बिंदूचे अक्षांश व रेखांश नेहमी दशांश अंशांतच असतात आणि त्यांस ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे एकच प्रमाण लागू असते. पडद्यावर आकडे कोणत्या रीतीने दाखवावयाचे, हे यंत्र स्वतः ठरविते. मात्र मूळ बिंदूच चुकीचा घेतलेला असेल, तर फाइल ती चूकही तितक्याच इमानाने पोहोचविते, हे विसरू नये.

सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे वेगळ्या, म्हणजे एव्हरेस्ट प्रमाणावर आधारलेले आहेत. त्यांवरून उचललेला बिंदू यंत्रात तसाच घातला तर नाशिक परिसरात सुमारे शंभर मीटरांचा फरक पडतो. म्हणून बिंदू शक्यतो प्रत्यक्ष जागेवर उभे राहूनच घ्यावेत.

प्रत्यक्ष कृती

१. *बिंदू घेणे.* सहलीपूर्वी शिक्षकाने स्वतः सर्व ठिकाणी जाऊन यावे. ‘ओएसएमअँड’ यासारख्या नकाशाच्या ॲपमध्ये प्रत्येक जागा नोंदवावी. मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटे स्थिर उभे राहून मगच नोंद करावी. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी चूक वाढते. पहिला बिंदू नेहमी शाळेच्या ध्वजस्तंभाचा असावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

२. *नावे देणे.* काही यंत्रांत देवनागरी अक्षरे उमटत नाहीत. म्हणून बिंदूंस केवळ क्रमांक द्यावेत आणि क्रमांकापुढील नावे मुलांच्या वहीत मराठीत लिहवून घ्यावीत.

३. *फाइल काढणे.* ॲपमधून यादी जीपीएक्स स्वरूपात निर्यात करून मोबाइलच्या ‘डाउनलोड’ कप्प्यात ठेवावी. फाइल दुसऱ्या शिक्षकाकडून संदेशाद्वारे आली असेल तर तीही आधी याच कप्प्यात जतन करावी. फाइल ‘झिप’ स्वरूपात बांधलेली असल्यास सोडवून घ्यावी. नावाच्या शेवटी जीपीएक्सनंतर ‘एक्सएमएल’ किंवा ‘टीएक्सटी’ अशी शेपटी चिकटलेली असल्यास ती काढावी. नाही तर यंत्र फाइल ओळखत नाही.

४. *जोडणी.* मोबाइलच्या बाजूस ‘ओटीजी’ नावाचा छोटा जोड लावावा आणि त्यातून यूएसबी केबलने यंत्र जोडावे. काही मोबाइलमध्ये ओटीजीची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. केबल निव्वळ चार्जिंगची नसावी; तशा केबलीतून माहिती जात नाही. जोडणी करूनही काहीच दिसत नाही, अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ या केबलीतच असते.

५. *प्रत करणे.* जोडणी नीट झाली की यंत्र मोबाइलमध्ये पेन ड्राइव्हप्रमाणे दिसते. गार्मिन कंपनीच्या यंत्रांत ‘गार्मिन’ नावाचा कप्पा असतो व त्याच्या आत ‘जीपीएक्स’ नावाचा कप्पा असतो. फाइलीची प्रत या आतील कप्प्यातच टाकावी. तेथील दुसऱ्या कोणत्याही फाइलीस हात लावू नये.

६. *सोडविणे.* मोबाइलवर ‘इजेक्ट’ ही आज्ञा देऊनच केबल काढावी. मध्येच केबल ओढल्यास फाइल अर्धवट राहते आणि तशी फाइल वाचताना यंत्र सुरू होता होता अडकून पडण्याचा संभव असतो. तसे झाल्यास संगणकाच्या साहाय्याने ती एक फाइल काढून टाकावी.

७. *पडताळणी.* यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. साधे बिंदू ‘वेपॉइंट’ यादीत दिसतात. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावरून घेतलेले बिंदू ‘जिओकॅश’ या वेगळ्या यादीत दिसतात. एका यादीत काही नसले म्हणजे फाइल पोहोचली नाही असे समजण्यापूर्वी दुसरी यादी पाहावी. नंतर ध्वजस्तंभाजवळ उभे राहून पहिला बिंदू निवडावा. अंतर पाच-दहा मीटरांच्या आत दिसले तर यंत्र व यादी यांचा मेळ बसला. शेकडो मीटर दिसले तर सहल थांबवून आधी चूक शोधावी. ही पडताळणी मुलांसमक्षच करावी. साधनावर विश्वास टाकण्यापूर्वी ते तपासून घ्यावयाचे असते, हा संस्कार त्यातून होतो.

ज्या यंत्रांत मेमरी कार्डाची सोय आहे, तेथे कार्डावर हेच दोन कप्पे करून फाइल ठेवली तरी चालते. नव्या काही यंत्रांत ब्लूटूथने, केबलीवाचून फाइल जाते. परंतु त्यासाठी त्या कंपनीचे ॲप आधी गावात, नेटवर्क असताना, जोडून ठेवावे लागते.

पाठाची योजना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांपैकी एक दिवस या कामी द्यावा. गावाच्या शिवारातच सहा बिंदू पुरेत: ध्वजस्तंभ, सार्वजनिक विहीर, पाझर तलावाचा बांध, जुना वड, ओढ्यावरील पूल आणि ग्रामपंचायत कचेरी. प्रत्येक ठिकाणी डबीत एक प्रश्न ठेवावा. विहिरीत पाण्याची पातळी किती खोल आहे? बांधाच्या कोणत्या बाजूस पीक हिरवे आहे आणि का? वडाच्या खोडाचा घेर किती? चारचार मुलांचा गट करावा. एकाने यंत्र धरावे, एकाने आकडे वाचावेत, एकाने नोंद करावी व एकाने वाट पाहावी. दर बिंदूपाशी कामे बदलावीत. यंत्र एकच असल्यास इतर गटांनी तोवर होकायंत्र व पावले मोजून अंतर काढावे आणि नंतर दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. यंत्र ज्या गटाच्या वाट्यास येत नाही, त्याचाही पाठ असा पूर्ण होतो.

परतल्यावर गणिताचा तास आपोआप उभा राहतो. शाळेच्या अक्षांशातून २० वजा करून उरलेल्या अपूर्णांकास १११ ने गुणले की विसाव्या अक्षवृत्तापासूनचे अंतर किलोमीटरांत मिळते. वजाबाकी उलटी आली तर शाळा त्या रेषेच्या दक्षिणेस आहे, हेही मुलांच्या ध्यानी येते. रेखांशाचा अंश मात्र नाशिक येथे १०४-१०५ किलोमीटरांचाच भरतो. तो लहान का झाला, असे विचारावे व उत्तरासाठी पृथ्वीगोल मुलांच्या हाती द्यावा.

दक्षता

पांडवलेणीसारख्या संरक्षित स्मारकात डबी ठेवू नये व तेथील दगडास खूणही करू नये. अशा ठिकाणी बिंदूवर पोहोचून शिलालेख पाहणे व त्यासंबंधी प्रश्न सोडविणे एवढेच पुरे. अंजनेरीच्या पठारावर दुर्मिळ वनस्पती आहेत. नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र रामसर यादीत समाविष्ट झाले आहे. तेथे वनखात्याची अनुमती घ्यावी आणि वाट सोडू नये. डबीसाठी खड्डा खणणे या खेळाच्या नियमांतही बसत नाही.

देवळालीचे लष्करी क्षेत्र, नाशिकरोडची मुद्रणालये व ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास, तसेच रेल्वे, बसस्थानक व धरणाच्या भिंतीपाशी डबी ठेवण्याचा विचारही करू नये. बेवारस डबीने लोकांत घबराट उडते. गावातही डबी पारदर्शक असावी. तिच्यावर शाळेचे नाव असावे. जागामालकास व पोलीस पाटलांस आधी कळवावे. आणि सायंकाळी सर्व डब्या मोजून परत आणाव्यात.

उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रेही बाजारात आहेत. दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून ती भारतात बाळगणे कायद्यास धरून नाही. शाळेस केवळ स्थान दाखविणारे यंत्र हवे. खरेदीपूर्वी हा भेद विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. यंत्रातील बाण सरळ रेषेत दिशा दाखवितो. मध्ये विहीर आहे, कडा आहे की पूर आलेला ओढा आहे, हे त्यास कळत नाही. म्हणून मुलांना आरंभीच बजावावे की, बाणाकडे पाहावयाचे ते उभे राहून, आणि चालावयाचे ते वाटेकडे पाहून. पावसाळ्यात हा उपक्रम शाळेच्या आवारापुरताच ठेवावा. शिवारातील पाठ दिवाळीच्या सुटीनंतर घ्यावा. तोवर ओढे उतरलेले असतात आणि वाटा मोकळ्या झालेल्या असतात. मध्यंतरीच्या काळात शिक्षकांनी फाइल नेण्याचा सराव दोन-तीन वेळा करून ठेवावा, म्हणजे सहलीच्या सकाळी मुले रांगेत उभी असताना केबल शोधत बसण्याची वेळ येणार नाही.