तीन ओळी आणि आपली गॅलरी
(सोसायटीच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मसाला दूध आटतंय तेवढ्याच वेळात मला बोलायचं आहे, म्हणून विषयही छोटाच निवडलाय: हायकू.

हायकू ही जपानी कविता. पाच, सात, पाच अशी सतरा उच्चारांची. तिच्यात ऋतू सांगणारा एक शब्द असावा, असा जुना संकेत आहे. नुसतं ‘चंद्र’ म्हटलं की जपानी वाचक शरदाचाच चंद्र समजतो. म्हणजे आज आपण गच्चीवर ज्याच्यासाठी जमलोय, तोच ऋतू. आपल्याकडे ‘पागोळ्या’ म्हटल्यावर वेगळा पाऊस सांगावा लागतो का? तसंच ते.

मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, १९७०च्या दशकात. आचार्य अत्र्यांच्या त्या कन्या. सतरांचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला, तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोन ओळींना यमक दिलं. ओव्या-अभंगांवर वाढलेल्या आपल्या कानाला ते लगेच आपलं वाटलं असणार. २०१७ साली त्या गेल्या, पण आज मराठीत कितीतरी जण हायकू लिहितात.

तसं हे आपल्याला अगदीच परकं नव्हतं. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यातल्या सातशे गाथा जेमतेम दोन-दोन ओळींच्या. त्यात ढग आहेत, शेतं आहेत, गोदावरीचा काठ आहे आणि त्यातूनच कुणाचा तरी विरह कळतो.

हायकूची खरी गंमत इथेच आहे. तो भावना सांगत नाही, वस्तू दाखवतो. जपानी कवी इस्सा याची तान्ही मुलगी १८१९ साली देवीच्या रोगाने गेली. त्याची त्यावरची प्रसिद्ध कविता आहे दवाबद्दल. मुलीचं त्यात नावही नाही. तरी वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पटलं मात्र फार उशिरा. आमचे हे गेले, त्यानंतरच्या जूनमधली गोष्ट. चार महिने मी वहीत ‘एकटेपणा’, ‘पोकळी’ असले शब्द लिहून खोडत होते. एक दिवस बाजारातून भिजत घरी आले, छत्री खुंटीला अडकवली आणि तिथेच उभी राहिले. मग लिहिलं:

पहिली सर आली,
खुंटीवर दोन छत्र्या,
एकच ओली झाली.

कविता म्हणून ती कितपत चांगली, मला ठाऊक नाही. पण त्या रात्री मला झोप लागली.

मंडळी, पालेगावात आपण राहायला आलो तेव्हा गॅलरीतून मलंगगड अख्खा दिसायचा. आता समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून दिसतो तेवढाच. तरी पावसात त्याच्यावर ढग उतरतात ते त्या फटीतूनही दिसतात. बघायला वेळ मात्र काढावा लागतो.

आपल्या नोटीस बोर्डावर काय असतं? पाणी कधी येणार नाही, मेंटेनन्स कुणाचा थकला, आणि अधूनमधून ‘दुःखद निधन’. त्या चौकटीपुढे आपण क्षणभर थांबतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. त्या घरात मागे राहिलेल्या माणसाशी काय बोलावं, हे आपल्याला सुचत नाही.

म्हणून कमिटीला एक विनंती. बोर्डाचा एक कोपरा तीन ओळींसाठी द्या. कुणीही लिहावं, आजोबांनी, शाळकरी मुलांनी, वॉचमनकाकांनीसुद्धा. नाव नाही घातलं तरी चालेल. अट एकच, ‘दुःख’, ‘आनंद’, ‘आठवण’ हे शब्द वापरायचे नाहीत. गॅलरीतून, जिन्यातून, लोकलच्या खिडकीतून जे दिसलं तेच लिहायचं. वाचणाऱ्याला उरलेलं कळतं. आणि कळलं तर त्याने त्या दाराची बेल वाजवावी.

दुधाला उकळी आलेली दिसतेय. थांबते.